वर उंचवटे, खाली वास : धोंडूच्या कवचाचं काय करायचं?

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे आफ्रिकन सुलकाटा जातीचं कासव आहे. नाव धोंडू. नऊ वर्षांपूर्वी आणला तेव्हा तळहातावर मावायचा, गेल्या महिन्यात रद्दीवाल्याच्या काट्यावर १९ किलो भरला. त्याच्या पाठीवरच्या प्रत्येक खणाचा उंचवटा झालाय. कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलं, कुणी म्हणतं वयाने होतं. आई दर शनिवारी मारुतीच्या देवळातून आली की उरलेलं तेल त्याच्या पाठीला चोळते. चमक येते, उंचवटे जात नाहीत. मुलीने ऑनलाइन कवचाचं पॉलिश शोधलंय, मागवू का? खाणं चांगलं आहे : पालक, कोबी, टोमॅटो, सकाळी केळं, आणि आमच्या ताटातली पोळी तर हक्काची. आम्ही तळमजल्यावर राहतो. मागे अंगणाची पट्टी आहे, पण पावसात तिथे पाणी साचतं म्हणून जूनपासून तो न्हाणीघराबाहेरच्या बोळात असतो, खाली पोतं टाकतो. पोटाखाली एक पांढरट डाग आहे आणि जरा वास येतो, पण ते बहुधा फरशीवर घासल्यामुळे असावं. वॉचमन म्हणतो, कवचाच्या कडेला भोक पाडून साखळी लावा म्हणजे गेटकडे जाणार नाही. तर मुख्य प्रश्न उंचवट्यांचा. — श. म., मुलुंड (पूर्व)

उत्तर : श. म., मुख्य प्रश्न उंचवट्यांचा नाही. तो तुम्ही 'जरा वास येतो' म्हणून एका ओळीत उरकलाय, तो आहे. पाठीवरचे उंचवटे कित्येक वर्षांत झालेत, ते आणखी महिनाभर तसेच राहिले तर धोंडूचं काही बिघडत नाही. वासाचं तसं नाही. धडधाकट कासवाच्या पोटाला मातीचा, गवताचा, फार तर त्याच्याच शेणाचा वास येतो. धुऊन पुसल्यावरही कुबट किंवा सडका वास राहत असेल तर कवचाला संसर्ग झालाय असं धरून चालायचं.

आज संध्याकाळी घरातली आणखी एक दणकट व्यक्ती हाताशी घ्या आणि धोंडूला खालून बघा. त्याला एकदम उताणा पाडू नका. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, उताणं केलं की आतड्यांचा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि एवढ्या वजनाच्या जनावराला श्वास घेणं जड जातं. भिंतीला जुनी गादी टेकवा, त्याला एका बाजूने सावकाश उचलून कुशीवर तिला टेकवा, एकाने धरून ठेवा, दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च मारून बघा. दोन-तीन मिनिटांत काम उरका. बोटं त्याच्या पायांच्या आणि कवचाच्या फटीत जाऊ देऊ नका, सुलकाटा पाय आत ओढतो तेव्हा चांगलाच चिमटा बसतो.

आता तो पांढरा डाग. ओल्या बोटाने चोळल्यावर खडूसारखा निघून आला तर तो युरेट आहे. कासवाच्या लघवीतला पांढरा भाग तसाच वाळतो, त्यात आजार काही नाही. खणांच्या सांध्यांत फिकट, जराशा मऊ रेषा दिसल्या तर तीही नवी वाढ असते, घाबरू नका. पण डाग पुसून जात नसेल, त्याच्या जागी पापुद्रे सुटत असतील, नखाने दाबल्यावर तिथलं कवच दबत असेल, खणाची कड उचलली गेली असेल आणि खालून पाणी किंवा रक्ताळलेला स्राव येत असेल, तर ते कवच कुजायला लागल्याचं लक्षण. शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवा, म्हणजे आठवड्याने डाग वाढला की आक्रसला ते अंदाजाने सांगावं लागणार नाही. आणखी एक गोष्ट बघाच. पोटाच्या कवचावर गुलाबी-लालसर छटा पसरली असेल आणि धोंडू एरवीपेक्षा सुस्त असेल, खात नसेल, तर संसर्ग रक्तात उतरलेला असू शकतो. मग हे सदर पुढे वाचायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

पोटाखालचं कवच कशामुळे बिघडलं ते तुमच्या पत्रातच आहे. एकोणीस किलोचं जनावर जूनपासून ओल्या पोत्यावर बसून आहे. ते पोतं न्हाणीघराचं पाणी पितं, त्याची लघवी पितं आणि मुंबईच्या पावसाळी हवेत कधीच वाळत नाही. सगळा भार पोटाच्या कवचावर, तेही फरशीवर घासून झिजलेलं. त्या बारीक ओरखड्यांतून जिवाणू आणि बुरशी आत शिरतात. कवचाचा वरचा थर केराटिनचा, म्हणजे आपलं नख ज्याचं असतं त्याच पदार्थाचा. पण त्याच्या खाली लगेच जिवंत हाड आहे. पाठीच्या कवचात तर मणके आणि फासळ्याच एकजीव झालेल्या असतात. संसर्ग केराटिनपुरता असेपर्यंत तो आटोक्यात आणता येतो. हाडात पोचला की महिनोन् महिने जातात.

म्हणून औषधाच्याही आधी पोतं फेकून द्या. बोळात पाणी येण्याची वाट बंद करा किंवा जागाच बदला, मग ती दिवाणखान्यातली असली तरी चालेल. खाली गोठ्यात अंथरतात तसली जाड रबरी मॅट घाला, तिच्यावर कोरडं गवत. मॅट रोज धुऊन, पूर्ण वाळवूनच परत घालायची, त्यामुळे दोन घेतलेल्या बऱ्या. गुळगुळीत टाइल्स नकोत, त्याचे पाय फाकतात. नुसता खरबरीत कोबाही नको, तो पोट खरवडतो. जिथे तो झोपतो तिथे हात लावून बघा. तळवा ओला लागला तर धोंडूचं पोटही ओलंच आहे.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरी एवढंच करा. मऊ टूथब्रशने आणि कोमट पाण्याने जागा स्वच्छ करा. पोव्हिडोन आयोडिन पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून त्या जागी लावा, दहा मिनिटांनी धुवा, टिपून घ्या, पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. दिवसातून एकदा पुरे. सुटलेला पापुद्रा ओढायचा नाही, चाकू-ब्लेडने खरवडायचं नाही, वरून पट्टी बांधून ओल कोंडायची नाही. हळदीचा लेप सुचवणारं कुणीतरी भेटेलच, तोही नको. लेपाखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि पुढे डॉक्टरांना तो खरवडून काढत बसावं लागतं. कुजका भाग काढणं, खालचं हाड तपासणं, नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवून कोणतं प्रतिजैविक लागू पडेल ते ठरवणं, हे घरचं काम नव्हे. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम अशा जखमांना बऱ्याचदा दिलं जातं, पण तेही जागा साफ झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर.

डॉक्टर मात्र बघून निवडा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर मुलुंड-ठाण्यात गल्लोगल्ली आहेत, पण कासव त्यांच्याकडे रोज येत नाही. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. तिथे आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. जवळचे खासगी डॉक्टर गाठणार असाल तर तेही हाच प्रश्न विचारून. आणि धोंडूच्या कागदांवर वरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. गुराढोरांना आणि कुत्र्यांना जंतांसाठी, गोचिडांसाठी हे औषध सर्रास देतात. कासवाला ते विष आहे, अंग लुळं पडून जीव जातो. जीवनसत्त्वांची इंजेक्शनंही 'देऊन ठेवू एक' म्हणून घ्यायची नाहीत. अ जीवनसत्त्व जास्त झालं की कासवाची कातडी सोलून निघते, आणि ड-३ जास्त झालं की नको तिथे, मऊ अवयवांत, कॅल्शियम साठतं. चांगला डॉक्टर असलं काही द्यायच्या आधी एक्स-रे मागेल. तो काढून घ्याच, त्यात पोटाच्या डागाखालचं हाड दिसेल आणि पाठीच्या उंचवट्यांचाही खुलासा होईल.

नेताना गाडीच्या डिकीत टाकू नका. तळाला टॉवेल घातलेला मोठा प्लास्टिकचा टब मागच्या सीटवर ठेवा. आदल्या दिवशीची विष्ठा डबीत घेऊन जा, ती ते मागतीलच.

उंचवट्यांबद्दल आता बोलू. कासवं पाळणारे वर्षानुवर्षं 'प्रथिनं जास्त झाली' म्हणत आले. व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवरच प्रयोग केला आणि २००३ साली तो प्रसिद्ध झाला. कोरड्या हवेत वाढवलेल्या पिल्लांच्या पाठी जास्त उंचवट्यांच्या झाल्या, दमट हवेतल्यांच्या सपाट राहिल्या. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. सुलकाटा सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा प्राणी, म्हणून त्याला कोरडं ठेवायचं असा लोकांचा समज होतो. पण तिथे तो दिवसाचा कडक वेळ खोल बिळात काढतो आणि बिळातली हवा दमट असते. मग दमट मुंबईत वाढलेल्या धोंडूला हे का झालं? माझा अंदाज सांगते, बरोबर आहे का ते तुम्ही ताडून बघा : पहिली दोन-तीन वर्षं तो काचेच्या टाकीत, दिव्याच्या उबेत, कदाचित एसीच्या खोलीत होता. बाहेर कितीही पाऊस पडो, त्या टाकीतली हवा पापडासारखी कोरडी असते.

झालेले उंचवटे परत बसत नाहीत, हाडच त्या आकारात वाढलेलं आहे. तेलाने नाही, पॉलिशने नाही, घासून तर मुळीच नाही. इथून पुढची वाढ सपाट होईल एवढीच अपेक्षा ठेवायची, आणि तेवढं पुरे आहे. कवच दगडासारखं टणक असेल, धोंडू पोट जमिनीवरून उचलून चालत असेल, तर हे उंचवटे दिसायलाच काय ते विचित्र. पण कवच दाबल्यावर लवत असेल, मागचे पाय फरफटत असतील, तर मात्र हाडांचा आजार आहे. तो कॅल्शियम, ड-३ आणि ऊन या तिन्हींच्या कमतरतेतून येतो. एक्स-रे मागायचं हेही एक कारण.

आईंचं तेल बंद करा. तेलावर धूळ बसते, ती सांध्यांत भरते, खाली ओल धरून राहते आणि जंतूंचं फावतं. पॉलिशही त्याच कारणाने मागवू नका. आईंचा शनिवार मोडायचा नसेल तर त्यांना त्याला जास्वंदीची फुलं-पानं भरवू द्या, तो हातातून घेऊन खाईल.

खाण्यावर मी तुमच्याशी भांडणारच आहे. सुलकाटा हा गवत खाणारा प्राणी आहे. त्याच्या पोटात जाणाऱ्या एकूण खाण्यात ऐंशी-नव्वद टक्के गवत, ओलं किंवा वाळलेलं, असायला हवं. तुमच्या यादीत गवत नावालाही नाही. पालकातली ऑक्झॅलेट्स कॅल्शियम बांधून ठेवतात, म्हणजे वर तुम्ही कितीही कॅल्शियम पावडर भुरभुरा, आतड्यातून ते तसंच निघून जातं. टोमॅटोत पाणी जास्त आणि कॅल्शियम नगण्य. केळं आणि पोळी यांतली साखर आणि पिठूळपणा गवत पचवणाऱ्या आतड्यात जाऊन आंबतो. पोळी त्याला आवडते, मान्य, पण हक्काची पोळी आजपासून बंद. हरळी, मक्याचा हिरवा चारा, सुकं गवत हे तबेलेवाल्यांकडे मिळतं. त्याच्या जोडीला तुतीचा पाला, जास्वंद, फड्या निवडुंगाची काटे काढलेली पानं, अधूनमधून शेवग्याचा पाला. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसाचा एक अख्खा तुकडा आणा आणि त्याच्या जागेत टाकून ठेवा. त्याला हवा तेव्हा तो कुरतडेल. सुरुवातीला गवताकडे बघणारही नाही, दोन-चार दिवस रुसेल. एवढ्या मोठ्या, बाकी धडधाकट कासवाला दोन-चार दिवसांच्या रुसव्याने काही होत नाही. मात्र पोटाच्या कवचाचा संसर्ग डॉक्टरांनी पाहिल्यावरच हा बदल करा. नाहीतर तो रुसून खात नाही की आजारी आहे म्हणून खात नाही, हे तुम्हाला कळणार नाही.

गवत आणताना एक काळजी. पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेचं उपटून आणू नका, त्यावर गाड्यांच्या धुराचा थर असतो. आणि पावसाळ्यात डासांसाठी महापालिकेची धूरफवारणी येते तेव्हा धोंडूला घरात घ्या. अंगणातलं गवत त्यानंतर मोठा पाऊस पडून धुतलं जाईपर्यंत त्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही. सोसायटीने पेस्ट कंट्रोल केलं तरी तेच.

उन्हाबद्दल एवढंच की खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कवचाच्या कामाचं नाही. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते. ऑक्टोबर ते मे त्याला अंगणात रोज ऊन मिळू दे, शेजारी सावली हवीच. ढगाळ महिन्यांत हेच अतिनील किरण देणारी यूव्हीबीची नळी दिवसाला दहा-बारा तास लावा आणि पेटते म्हणून वर्षानुवर्षं तीच ठेवू नका. प्रकाश दिसत राहतो पण किरण विझत जातात, वर्षाकाठी बदलावी लागते. उबेसाठी दिवा लावत असाल तर एकच प्रखर बल्ब पाठीजवळ नको. मोठ्या कासवाची पाठ बल्बच्या सर्वांत जवळ येते, तिथला एकच भाग भाजतो, कोरडा पडतो आणि बाकीचं अंग गारच राहतं. दोन बल्ब, उंचावर, अंतर ठेवून. वायर आणि सॉकेट त्याच्या धडकेपासून आणि न्हाणीघराच्या पाण्यापासून लांब.

वॉचमनदादांना सांगा, भोक पाडायचं नाही. केराटिनखाली हाड आहे हे वर सांगितलंच. त्या हाडात रक्तवाहिन्या आहेत, त्याला दुखतं, आणि कडेच्या भोकातून तोच संसर्ग आत जातो जो आज पोटाशी आहे. शिवाय १९ किलोचा जीव साखळी ओढत राहिला तर कड तुटते. गेटला खाली विटांची दीड-दोन फुटी आडकाठी करा, पलीकडचं दिसणार नाही अशी. दिसत नसलेल्या ठिकाणी सुलकाटा फारसा धडका मारत नाही, जाळी लावली तर दिवसभर तिलाच भिडेल. आणि सोसायटीत रिव्हर्स येणाऱ्या गाड्यांची ताकीद सगळ्यांना देऊन ठेवा. कधी कवच तडकलंच तर स्वच्छ गॉज सलाइनमध्ये भिजवून वर ठेवा आणि तडक रुग्णालयात न्या. फेव्हिक्विक, एम-सील किंवा सिमेंट यांना हात लावू नका. आत कोंडलेली घाण बाहेरच्या तड्यापेक्षा वाईट.

बरं व्हायला वेळ लागेल. कवचाच्या जखमा कातडीसारख्या आठवड्यात भरत नाहीत. खोल गेलेली असेल तर वर्षही लागतं, आणि जागा पूर्वीसारखी गुळगुळीत दिसेलच असं नाही. वास गेला, जागा कोरडी आणि टणक झाली, कडा पसरायच्या थांबल्या, की सुधारतंय असं समजा. दर आठवड्याला नाणं ठेवून फोटो काढत राहा. रोजची कोमट पाण्याची अंघोळ उपचार चालू असताना डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि नंतर पुसून कोरडं केल्याशिवाय खाली ठेवायचं नाही.

जाता जाता कागदपत्रांचं. सुलकाटा विदेशी असला तरी जागतिक व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. अशा पाळीव प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करणं २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि तेव्हा घरात असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. तुमची नोंदणी राहिली असेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचारा, लपवून ठेवू नका. काही वाचक तारांकित कासव घरात ठेवून हाच कवचाचा प्रश्न विचारतात. ते भारतातलं वन्य कासव आहे, पाळणं गुन्हा आहे, त्यांनी १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करावा. आणि कोणतंही कासव असो, कंटाळा आला म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला किंवा देवळाच्या तळ्यात सोडायचं नाही. जमिनीवरचं कासव पोहू शकत नाही, तळ्यात बुडतं.

कल्चरचा अहवाल आला की प्रतिजैविकाचं नाव आणि मात्रा मला कळवा, सोबत दोन फोटो, एक आजचा आणि एक त्या दिवशीचा.